माळ घातलेला माणूस

संध्याकाळचे सात. गावाच्या एका टोकाला देशी दारूच्या दुकानात दिवा लागलाय. दुसऱ्या टोकाला विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ सुरू होतोय. दारू सोडू पाहणाऱ्याला दिवसातली हीच वेळ सगळ्यात जड. पाय सवयीनं वळतात. वारकऱ्यांनी नेमकी हीच वेळ बांधून टाकली आहे.

माळ घालायला फार सोपस्कार लागत नाहीत. फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, महाराजांच्या किंवा गावातल्या जुन्या वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात पडते. मग नेम: रोज हरिपाठ, एकादशीचा उपवास, वर्षाकाठी पंढरीची वारी आणि दारू-मटण बंद. ‘त्यानं माळ घातली’, एवढं म्हटलं की गावाला सगळं कळतं.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसनंही, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेनंही, आधार देवाचाच घेतला, पण माणसाचं नाव झाकलं. इथं सगळा उघडा कारभार. कालचा सोबती ग्लास पुढे करतो, गळ्याकडे बघतो आणि पुष्कळदा हात मागे घेतो.

पुष्कळदा. नेहमी नाही. माळ खुंटीला टांगून बसणारेही आहेत, आणि गाव त्यांना हसतं. ते हसणं मला बरं वाटत नाही. घसरलेला माणूस त्यानंच देवळाची पायरी चुकवू लागतो. आणखी एक सांगायलाच हवं. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात थरथरतात, झटके येतात, भास होतात. तिथं टाळ-मृदंग नाही, डॉक्टर लागतो.

आषाढीची वाट. आळंदीहून निघालेली दिंडी. वारीत भेटला की जो तो समोरच्याच्या पाया पडतो, वय-जात न बघता. ज्याला गावात कुणी ओट्यावर टेकू दिलं नाही, त्याच्या पायांना एक म्हातारा हात लावतो. ‘माउली’ म्हणतो. हा गडबडतो, मागं सरतो, मग घाईघाईनं स्वतःच वाकतो.

माळेचा दोरा घामानं कुजतो, कधीतरी तुटतो. माळ पुन्हा गळ्यात पडेपर्यंत जुने वारकरी अन्न घेत नाहीत. म्हणून मणी सांडले की घरातली पोरंसुद्धा कंदील, टॉर्च, मोबाइल, जे हाताला येईल ते घेऊन जमिनीवर बसतात. एकेक मणी शोधतात. बाप सुईत दोरा ओवत असतो. हात आता थरथरत नाही.