खोलीभर कापूस, खिशात काहीच नाही

सकाळचं दव अजून पडलेलंय म्हणून वावरात कोणी गेलं नाही. ओला कापूस वेचला की ओलावा वाढतो, ओलावा वाढला की भाव कापतात, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात सकाळचा हा वेळ तसा मोकळा, आणि तेवढ्या वेळात आपल्या व्हिडिओतला हा पोरगा डांबरी रोडवर पळून घेतो. पोलीस भरतीचे १६०० मीटर. फॉर्मचे साडेतीनशे मायनं दिले, वेचाईच्या पैशातून. बीए झालाय, चाकणला ठेकेदाराकडून एका कंपनीत लागला होता, पण रूमभाडं आन मेस जाऊन हातात काही उरेना, दसऱ्याला घरी आला तो परत गेलाच नाही. गावात म्हणतात, मायच्या पदराला धरून बसला. म्हणू द्या.

आता ही खोली बघा. घर दोन खोल्यांचं, त्यातली आतली ही. दार उघडलं की नुसता कापूस, खालच्या शेणसारवणापासून पार आढ्यापर्यंत. मग माणसांनी राहायचं कुठं, तर बाहेरच्या एका खोलीत, भांडी, सायकल, भरतीची पुस्तकं, सगळं तिथंच. वडील कॅमेऱ्यासमोर यायला नको म्हणाले, म्हणून ते दिसणार नाहीत. आन हे मायच्या कोपरापर्यंत जे लाल लाल दिसते ना, ती कापसाची खाज. भरून ठेवलेल्या कापसात बारीक किडे होतात, रात्री झोपू देत नाहीत, विदर्भात ज्याच्या घरी कापूस आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पोराच्या मानेवरही तेच. खोबरेल तेल चोळायचं, दुसरं काय.

मग विकून का टाकत नाही? २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हाच बाहेरचा स्वस्तात यायला मोकळा. दारात गाडी घेऊन येणारा खेडा खरेदीवाला हमीभावाच्या बराच खाली मागतो, पण रोख देतो. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला द्यायचा तर ॲपवर नोंदणी, सातबारा, आधार, पीकपेरा, मग स्लॉट. वावर मायच्या नावावर, तिच्या आधारला नंबर पोराचा, ओटीपी येतो त्याच्या मोबाईलवर. पोरगा चाकणलाच राहिला असता तर हा सगळा कापूस केव्हाचा खेडावाल्याच्या गाडीत गेला असता, हे पदरावाल्यांनी जरा ध्यानात घ्यावं. १९७२ ला आपल्याकडे एकाधिकार खरेदी आली होती, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं, तिच्यातही चुकारे लटकायचे, पण ओटीपी तरी नव्हता.

दव उतरलं. चला वावरात.

कापूस काढायला सुरुवात करताना बायांनी सीतादही केलं होतं, झाडाशी दहीभात ठेवून, ते आम्हाला कॅमेऱ्यात घेता आलं नाही. ही त्यानंतरची वेचणी. कमरेला ओटी बांधलीये, दोन्ही हात एकदमच चालतात, पूर्ण फुटलेलं बोंडच घ्यायचं, अर्धवट फुटलेलं तसंच सोडायचं. माय झाडाकडे बघतसुद्धा नाही, बाजूच्या बाईशी बोलणं चालू आणि बोटं आपली चालू. पोराच्या बोटांना मात्र वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात. वेचाई हे बायांचं काम, जुवान पोट्टा कापसाच्या ओळीत उतरला की आजूबाजूच्या हसतात, तोही हसतो.

"वढू नको ना बाबू, अलगद घे. पाला येते त्याच्यात."

"तुह्यासारकं नाही जमत वो माय."

आपलं वावर झालं की दोघं दुसऱ्याच्या वावरात, किलोमागे दहा-बारा रुपये. संध्याकाळी काट्यावर तिची गाठोडी चाळीस किलोच्या आसपास भरते, त्याची निम्मी. त्याच्या गाठोडीतला पाला माय वेगळा बसून निवडून काढते, चांगला आन कवडी, म्हणजे खराब, कापूस वेगवेगळा करते, हे रोज.

स्लॉट आला, गाडी भरली, केंद्रावर रात्र रांगेत गेली. ग्रेडरनं मीटर खुपसलं, ओलावा दहा टक्के. आठच्या वर कापतात, बाराच्या वर घेतच नाहीत. क्विंटलमागे दीडशेच्या वर गेले. पैसे खात्यात आले आणि कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज यात बहुतेक संपले.

फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घ्यायची नाही असं ठरलंय, बोंडअळीला घर मिळते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायचा चिमटा शेजाऱ्याकडून आणलाय. भरतीच्या ग्राउंडची तारीख लागली की पोरगा जाईल, तोवर उपटणं, आणि मग दोघांनी रोजीनं चणा सोंगायला.