सत्तावन्नाव्या हिस्टिडिनवरचा हायड्रोजन

[पडद्यावर: ट्रिप्सिनची रचना, सावकाश फिरणारी]

हे ट्रिप्सिन. जेवणातली प्रथिनं लहान आतड्यात तोडणारं विकर. क्ष-किरणांनी उलगडलेली त्याची रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या खुल्या संग्रहातून उतरवून घेतली, की कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक सगळे जागच्या जागी दिसतात. हायड्रोजन मात्र बहुतेक वेळा एकही नसतो. प्रथिनातले जवळपास निम्मे अणू हायड्रोजनचेच असतात, म्हणजे अर्धं ट्रिप्सिन अजून आपल्यासमोर आलेलंच नाही.

क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनमुळे, आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच. दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आसपासचे तपशील दाखवणाऱ्या चित्रात त्याचा मागमूसही लागत नाही.

[पडद्यावर: 'हायड्रोजन जोडा' ही आज्ञा, रचना पांढऱ्या ठिपक्यांनी भरते]

एका क्लिकसरशी दीड हजारांहून जास्त हायड्रोजन बसले. त्यातले बरेचसे निव्वळ भूमितीने ठरतात. कार्बनचे तीन बंध भरलेले असतील, तर चौथा कुठे जाणार हे उघड आहे: 1.09 अँगस्ट्रॉमवर, बाकी तिघांपासून होता होईल तेवढा लांब.

सेरीन या अमिनो आम्लाच्या, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीच्या, टोकाचा हायड्रोजन मात्र फिरता असतो. तो कुणाकडे वळवायचा, हे शेजारी बघून ठरवावं लागतं. ॲस्पराजीन आणि ग्लुटामीन या अमिनो आम्लांची अडचण याहून अवघड. त्यांच्या टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे मूळ फाइलमध्येच त्यांची अदलाबदल झालेली असू शकते. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्डसन गटाचा 'रिड्यूस' हा प्रोग्रॅम 1999 पासून हेच तपासतो. टोक उलटसुलट करून बघतो, कुठे अणू एकमेकांवर आदळतात, कुठे हायड्रोजन बंध जुळतात, ते मोजतो. हायड्रोजन बसवता बसवता मूळ रचनेतली चूक हाती लागते, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

[पडद्यावर: हिस्टिडिनचं वलय, जवळून]

आता हिस्टिडिन हे अमिनो आम्ल. त्याच्या वलयात दोन नायट्रोजन, डेल्टा आणि एप्सिलॉन. हायड्रोजन यातल्या कुठल्याही एकावर असू शकतो, किंवा दोन्हींवर.

ट्रिप्सिनमध्ये 57 क्रमांकाच्या हिस्टिडिनच्या एका बाजूला 102 क्रमांकाचं ॲस्पार्टेट आहे, दुसऱ्या बाजूला 195 क्रमांकाचं सेरीन. प्रथिनाच्या साखळीवर हल्ला चढवतं ते सेरीन, आणि त्यासाठी ते आपला हायड्रोजन हिस्टिडिनला देतं. घेणारा एप्सिलॉन नायट्रोजन तेव्हा मोकळा हवा.

1969 मध्ये डेव्हिड ब्लो आणि सहकाऱ्यांनी कायमोट्रिप्सिन या भावंड-विकरात या तिघांची साखळी दाखवली. मग वाद पेटला: ॲस्पार्टेट आणि हिस्टिडिन यांच्यामधला हायड्रोजन नेमका कुणाचा? क्ष-किरणांना उत्तर देता येईना. अखेर कोसियाकॉफ आणि स्पेन्सर यांनी ट्रिप्सिनच्या स्फटिकावर न्यूट्रॉन सोडले. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात, त्यामुळे हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्युटेरियम त्यांना नीट दिसतात. 1981 मध्ये छापून आलेला निकाल स्पष्ट होता. तो हायड्रोजन हिस्टिडिनवरच आहे.

[पडद्यावर: तेच वलय, हायड्रोजन चुकीच्या नायट्रोजनवर]

आणि इथेच सावध राहायला हवं. रेणूंच्या हालचाली संगणकावर गणिताने मांडणाऱ्या 'अँबर'सारख्या नावाजलेल्या पॅकेजमध्ये हिस्टिडिनसाठी नुसतं 'एचआयएस' असं लिहिलेलं असलं, तर हायड्रोजन आपोआप एप्सिलॉनवर बसतो. म्हणजे ट्रिप्सिनमध्ये नेमका सेरीनसमोर, जिथे जागा मोकळी हवी तिथे. प्रोग्रॅम कुठलीही कुरकूर करत नाही, गणित सुरळीत चालतं, आलेखही नीटनेटके येतात. पण त्या मॉडेलमधलं ट्रिप्सिन प्रथिन तोडूच शकत नाही.

म्हणून गणित सुरू करण्याआधी फाइलमध्ये सत्तावन्नाव्या हिस्टिडिनचं नाव 'एचआयडी' (म्हणजे हायड्रोजन डेल्टावर) करायचं, आणि हायड्रोजन ॲस्पार्टेटकडे वळलाय ना, हे पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचं.