सगळ्यांत मागे कोण धावतं?

मंडळी, आयोजकांनी मला 'धावण्याचे फायदे' हा विषय दिलाय. ते फायदे तुमच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलेत, आणि ते ऐकून कोणी धावायला लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बहुतेक जण येतात ते शेजारीण किंवा ऑफिसातला कोणी 'उद्या फुटाळा तलावावर येऊन राहिली का?' असं विचारतो म्हणून. तेव्हा मी सोबतीबद्दलच बोलते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. पण मला ते आवडतात त्यांच्या दुसऱ्या कामासाठी. ऑकलंडमधल्या सुटलेल्या पोटांच्या, हृदयविकारातून उठलेल्या माणसांना त्यांनी एकत्र धावायला लावलं. अट अशी, की धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. १९६२ मध्ये बिल बॉवरमन हे अमेरिकन प्रशिक्षक तिथे गेले आणि सहज म्हणून त्या घोळक्यात शिरले. थोड्याच वेळात त्यांचा भाता फुलला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक आजोबा त्यांच्यासाठी मागे राहिले आणि आरामात बोलत धावत राहिले. बॉवरमन यांना उत्तर द्यायलाही दम उरला नव्हता! पुढे याच बॉवरमन यांनी अमेरिकेत जॉगिंगचा प्रसार केला.

मला यात ते आजोबा मोठे वाटतात. पुढे निघून जाणं त्यांना सहज जमलं असतं.

लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जणांनी मिळून ५ किलोमीटर धावून जो उपक्रम सुरू केला, तो आज पार्करन नावाने अनेक देशांत चालतो. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे कितीही हळू आलात तरी शेवटचा नंबर तुमचा नसतो. इतकी साधी सोय, पण किती जणांची लाज तिने वाचवली असेल!

आता आपल्या गावाकडे येऊ. जानेवारीत नागपूरला सूर्य उगवतो पावणेसातच्या पुढे. नोकरी आणि डबे सांभाळणाऱ्या बाईला धावायचं तर अंधारातच निघावं लागतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते रुंद आहेत, झाडीही आहे. पण तिथे एकटीनं अंधारात धावायचं म्हणजे अर्धं लक्ष मागून येणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे. चौघी असल्या की तेच लक्ष गप्पांकडे जातं. सासू, मुलाची दहावी, सोन्याचा भाव, सगळं निघतं. पुढची 'खड्डा!' म्हणून ओरडते, मधली तेच मागे पोचवते. कुत्री भुंकत आली की सगळ्या धावणं थांबवून शांतपणे चालायला लागतात. एकटीला मात्र नेमकं पळावंसंच वाटतं. मे महिन्यात सगळं उलटं. साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सातला रस्ता तापायला लागतो, म्हणून उशिरा येणारीसाठी कोणी थांबत नाही. तेवढी कठोर शिस्त मला मान्य आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये वल्ही मारणाऱ्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग केला होता. मेहनत तितकीच, पण एकत्र सराव केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद एकट्याने केलेल्या सरावानंतरच्यापेक्षा जास्त भरली. सेमिनरी हिल्सचा चढ ज्यांनी घोळक्यात चढलाय, त्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

सगळेच गट असे असतात असं नाही. काही ठिकाणी टी-शर्ट आधी येतो, फोटो नंतर आणि धावणं जमलं तर. काही जण घड्याळाकडे बघत सुसाट निघून जातात. नवीन आलेली बाई ट्रॅफिक पार्कपाशी एकटीच उरते आणि पुढच्या रविवारी येत नाही. मग 'लोकांमध्ये चिकाटी नाही' असं तर्री पोह्यांवर बसून बोललं जातं. (पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही. जाळलेलं सगळं त्या एका प्लेटीत परत येतं, ते येऊ द्यावं.)

म्हणून गट शोधताना त्यांचा वेग किती, हे विचारू नका. शेवटच्या माणसासोबत कोण असतं, ते विचारा. आमच्याकडे त्याची पाळी लावलेली असते, आणि वेगात धावणाऱ्यांनाही ती चुकत नाही. येत्या रविवारी पाळी माझी आहे. पहिल्या दिवशी नुसतं चाललात तरी चालेल. फक्त पाण्याची बाटली आणा आणि कानात हेडफोन घालून येऊ नका.