टोकाला फुलणारी अक्षरं

आत्ता पडद्यावर एकच अक्षर आहे, कॅपिटल आय. साधी उभी दांडी वाटते ना, पण झूम केलं की कळतं, मधे कंबर बारीक आहे आणि वर-खाली जाताना ती हळूहळू रुंद होत गेलीये, टोकाला वेगळी आडवी रेघ जोडलेलीच नाही. त्या आडव्या रेघेला सेरिफ म्हणतात; नेहमीच्या सेरिफ फॉन्टला ती असते, सॅन्सला, म्हणजे बिनसेरिफच्या फॉन्टला, टोक सपाट कापलेलं असतं, आणि इथे दांडीच फुलत फुलत सेरिफ होते. फ्लेअर्ड सेरिफ म्हणतात तो हाच प्रकार.

खरी मजा बोल्डमधे. नाजूक सेरिफवाला फॉन्ट बोल्ड केला की दांड्या जाड होतात पण सेरिफ बारीकच राहतात, मग लांबून नुसत्या दांड्या दिसतात. फ्लेअर्डमधे हरवायला तेवढं बारीक काही नसतंच, त्यामुळे अक्षर जड असूनही ठोकळा वाटत नाही.

आता हा अल्बर्टस नावाचा फ्लेअर्ड फॉन्ट बघा. तो करणारे बर्थोल्ड वोल्पे ब्राँझवर अक्षरं कोरायचे, म्हणजे अक्षर खोदायचे नाहीत हां, अक्षराच्या आजूबाजूचं ब्राँझ छिन्नीने काढून टाकायचे आणि अक्षर वर उठून राहायचं. असं बाहेरून कापत आलं की नाजूक नखरे जमत नाहीत, आकार आपोआप साधा आणि दणकट होतो. त्या कामाचे फोटो मोनोटाइप ह्या छपाईची अक्षरं बनवणाऱ्या कंपनीच्या स्टॅन्ली मॉरिसनने पाहिले आणि टाइपफेस, म्हणजे छपाईसाठीचा अक्षरसंच, करायला सांगितलं, १९३२ला काम सुरू झालं. लंडनच्या सिटी ऑफ लंडन ह्या भागातल्या रस्त्यांच्या नावाच्या पाट्या ह्याच अक्षरांत आहेत.

ह्याचा शांत भाऊ म्हणजे ऑप्टिमा. तो करणारे हेरमान त्साप्फ १९५०मधे फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधे होते, तिथल्या थडग्यांवरची अक्षरं आवडली, जवळ कागद नव्हता म्हणून स्केच केलं चक्क हजार लिराच्या नोटेवर! टाइपफेस बाजारात आला १९५८ला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावरची ५८ हजारांहून जास्त नावं ऑप्टिमातच आहेत. पण त्याचा फ्लेअर इतका हलका की छोट्या साइजला तो जाणवतच नाही, आणि कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर त्या कंबरेला पायऱ्या पडतात.

म्हणून माझं म्हणणं, बोल्ड फ्लेअर्ड मोठ्या साइजलाच वापरा आणि शब्द मोजके ठेवा. पुस्तकाचं कव्हर, पोस्टर, लोगो, दारावरची पाटी, इथे तो राजा आहे. त्यातच अख्खा पॅराग्राफ टाकलात तर पान काळं होतं आणि फ्लेअर शाई पसरल्यासारखा दिसतो, तिथे एखादा साधा सॅन्स घ्या सरळ.

आणि स्पेसिंग! दोन दांड्या शेजारी ठेवल्या की मधली पांढरी जागा पोटात रुंद आणि टोकांना चिमटलेली दिसते. सॅन्सच्या सवयीने अक्षरं जवळ ओढली की आधी टोकं एकमेकांना चिकटतात, सगळं कॅपिटलमधे असेल तर जास्तच. तेव्हा सुरुवातीलाच थोडं सैल सोडा, स्क्रीनपासून चार पावलं मागे जाऊन बघा, टोकं भिडल्यासारखी वाटली तर अजून थोडं सोडा.