दालेममधल्या कवट्या आणि इरावतीबाई

ही बर्लिनच्या दालेम भागातली बिल्डिंग, ईनेश्ट्रासे २२. आता इथे युनिव्हर्सिटीचे वर्ग भरतात. पण ही पाटी बघा. १९२७ ला इथे कैझर विल्हेल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि युजेनिक्सची. युजेनिक्स म्हणजे डार्विनचा आतेभाऊ गाल्टन याचं डोकं. डार्विन म्हणाला निवड निसर्ग करतो, तर याला वाटलं आपणच करू की, चांगल्या घरच्यांना जास्त पोरं, बाकीच्यांना कमी, आणि चांगलं घर कुठलं हे ठरवणार हाच.

संस्थेचे डायरेक्टर ऑयगेन फिशर. त्यांच्याकडे पीएचडीला आल्या इरावती कर्वे, थेट पुण्याहून, सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध असताना, नवऱ्याच्या पाठिंब्यावर.

आता हा कॅलिपर बघा. दोन वाकडे पाय, मधे पट्टी. कवटीवर एक बिंदू धरायचा, दुसरा धरायचा, आकडा लिहायचा, मग तेच दुसऱ्या बाजूला. डावं-उजवं सारखं आहे का, एवढाच प्रश्न. फिशरसाहेबांचा अंदाज असा की गोरे लोक जास्त बुद्धिमान, मग त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्यांची कवटी जास्त वाकडी भरणार. म्हणजे उत्तर आधीच तयार, मापं फक्त भरायची होती!

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या, त्या कशा आणल्या असतील ते या फोटोंवरून कळतंच. निघालं काय, तर डावं-उजवं थोडं कमीजास्त सगळ्यांचंच असतं, वंशाशी त्याचा काही संबंध नाही. गाइड स्वतः फिशर, आणि बाईंनी हे थीसिसमध्ये तसंच्या तसं लिहिलं. १९३० ला डिग्री मिळाली, मार्क मात्र खालचे, ते मिळणारच होते म्हणा.

पुढे १९३३ ला नाझींचा नसबंदी कायदा आला, जवळजवळ चार लाख माणसांवर तो चालवला, आणि युद्धात ऑशविट्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले याने कैद्यांच्या रक्ताचे, अवयवांचे नमुने पाठवले ते याच संस्थेला.

ही बाईंची पुण्यातली जागा, डेक्कन कॉलेज. इथे आल्यावर त्यांनी कॅलिपर टाकून दिला असं मात्र नाही, महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी, नाकं, उंची त्याच पद्धतीने मोजली. आम्हाला ते जरा खटकतं. पण त्यातूनही त्यांनी मांडलं ते हेच, की एका नावाखाली येणाऱ्या जाती एकाच मुळाच्या असतील असं धरून चालू नका.