गारच खायचा डबा

(उन्हाळ्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मी पोळीभाजीचे डबे देते. त्यामुळे तक्रारींचे फोन येतात ते दुपारी दीडनंतरच. पोळी चिवट झाली, भाजीवर तुपाचा थर बसला, कोशिंबिरीला पाणी सुटलं. सकाळी आठला तेच जेवण मी चाखलेलं असतं आणि ते झकास असतं. गोची अशी आहे की आपण गरम खायचं म्हणून रांधतो आणि खातो मात्र गार. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हपुढची रांग तुम्हाला माहीत आहे. फिरतीवरच्या माणसाच्या नशिबी तर ती रांगही नसते. तेव्हा आज बोलणार आहे ते गारच खायचा, असं ठरवून केलेल्या डब्याबद्दल.

यात नवं काही नाही. मुंबईत महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली डबे पोचवायला सुरुवात केली. नऊ-दहाला घरून निघालेला डबा साडेबारा-एकला हातात पडतो, त्यात वाफा कुठून राहणार? शेतावर जाणाऱ्यांचं तर सोडूनच द्या. सोलापूरकडची कडक भाकरी बघा. ज्वारीची, पातळ थापलेली, मंद आचेवर पार कोरडी होईस्तोवर भाजलेली. अंगात पाणीच उरलेलं नाही, म्हणून ती दिवसेंदिवस टिकते. गार होऊन बिघडायला तिच्यात काही शिल्लकच नसतं! सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. बाहेर काय ऊन आहे, याच्याशी या डब्याला देणंघेणं नाही.

पोळी का वातड होते? नुसती वाळते म्हणून नव्हे. पिठातला स्टार्च भाजताना पाणी धरून मऊ होतो आणि गार होताना पुन्हा आवळत जातो. हे आवळणं फ्रीजमध्ये सगळ्यात झपाट्यानं होतं. म्हणून रात्रीची पोळी फ्रीजमधून काढून तशीच डब्यात भरणं हा पोळीवर अन्याय आहे. त्यापेक्षा दशमी करा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, तेलाचं मोहन जरा सढळ घालायचं. पूर्वी प्रवासाला दशम्याच न्यायचे, कारण दुधात भिजवलेलं सोवळ्यात चालायचं. आता सोवळं गेलं, पण दशमी दुपारपर्यंत मऊ राहते, हा गुण काही गेला नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर गार डब्याचा राजा धपाटा. ज्वारीचं पीठ, त्याच्या निम्मं बेसन, मूठभर कणीक, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, भरपूर कोथिंबीर, आणि भिजवायला आंबट ताक. ओल्या फडक्यावर थापायचा, मधे बोटानं भोकं पाडायची, कडेनं आणि भोकांत तेल सोडायचं. तिखटमीठ चवीपेक्षा किंचित पुढे ठेवा. गार पदार्थाचा वास कमी येतो, चवही दबते. गरम असताना जे बरोबर लागतं, ते गार झाल्यावर मिळमिळीत लागतं. डब्यात चटणी-लोणचं लागतंच, ते उगाच नाही.

आणि तूप नको. साजूक तूप पुण्याच्या थंडीत बरणीतसुद्धा गोठतं, खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं. ऑफिसातला एसी त्याच्या आसपासच असतो, तेव्हा फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची. पिठलं गार झालं की गोळा होतो, हे रडगाणं मी नेहमी ऐकते. मग गोळा होऊ देण्याऐवजी पाटवड्याच थापा ना! बटाट्याची सुकी भाजी, मोकळी मटकी, कोथिंबीर वडी, सगळं चालतं. कोबी-फ्लॉवरचं झाकण मात्र चारचौघांत उघडू नये. काकडी न्यायची तर मीठ वेगळ्या पुडीत न्या. मीठ आधी लावलं की ते काकडीतलं पाणी ओढून काढतं.

आता जरा गंभीर मुद्दा. गार डबा म्हणजे फ्रीजइतका गार नव्हे. तो पाठीवरच्या पिशवीत, लोकलच्या गर्दीत चार-पाच तास असतो. ५ ते ६० अंश या टप्प्यात जंतू वाढतात, आणि आपला डबा नेमका त्याच टप्प्यात बसलेला असतो. भाताचं विशेष सांगते. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात डब्यात नाही म्हणजे नाही. पोळी असो, भाजी असो, वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण लावू नका. झाकणाखाली जमलेलं पाणी खाली ठिबकतं आणि सगळं आंबवतं.

दहीभात याला उत्तम उत्तर आहे. सकाळीच जरा गुरगुट्या भात करा, परातीत पसरून कोमट होऊ द्या. त्यात बेताचं दूध आणि फक्त चमचाभर ताजं दही. दुपारपर्यंत डब्यातच विरजण लागतं, भात आंबट-ढाण होत नाही, आणि त्या आंबटपणात बऱ्याच जंतूंचं फावत नाही. मोहरी, उडीद डाळ, मिरची, हिंग, तेलाची फोडणी, वर चार डाळिंबाचे दाणे. मे महिन्यात शेजारी ताकाची गोठवलेली बाटली ठेवा. पाऊण भरूनच गोठवायची, नाहीतर बाटली तडकते. डबा गार राहतो, जेवणापर्यंत ताक वितळतं, हलवून प्यायचं.

दडपे पोहे कोणी सुचवतील. मलाही प्रिय आहेत. पातळ पोहे, कांदा, लिंबू, नारळाचं पाणी, वर वजन. पण ओला नारळ उन्हाळ्यात लवकर आंबूस होतो, तेव्हा ते थंडीच्या महिन्यांत न्या.

मागच्या रांगेतून एका दादांनी विचारलं, ‘सामिष काही?’ रस्सा नको, मटणाची चरबी गार झाली की टाळ्याला चिकटते, आणि चार-पाच तास कोमट राहिलेलं मांस जोखमीचंच. सुका जवळा मात्र खमंग भाजून, लसूण आणि मिरचीबरोबर कुटून भाकरीबरोबर न्या. कोकणात कित्येक जण नेतात. फक्त दादा, जेवायला खिडकीजवळची जागा धरा.