चित्र कोणाचे?

अध्यक्ष महोदय आणि जमलेले सर्व रसिक श्रोते,

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत 'दिव्यांग कलाकारांचा मोबदला आणि मालकीहक्क' असा छापला आहे. तो मीच सुचवला होता आणि त्यावर मी बोलणारही आहे. परंतु मोबदला कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी काम कोणी केले हे ठरवावे लागते, आणि सामुदायिक कलाशाळेत नेमका हाच प्रश्न सर्वांत अवघड असतो. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहिरेपण किंवा यांतले बरेच काही एकत्र वाट्याला आलेली प्रौढ माणसे जेथे आठवड्यातले ठरावीक दिवस येऊन आपापल्या टेबलाशी काम करतात, तेथे कलाकाराच्या शेजारी बहुतेक वेळा आणखी एक माणूस बसलेला असतो. रंगाच्या ट्यूबचे झाकण उघडणे, कागद चिकटवणे, खुर्ची टेबलाजवळ घेणे ही त्याची कामे. त्याला आम्ही साहाय्यक म्हणतो. मी गेली अनेक वर्षे हेच काम करते आहे, आणि साहाय्यकाने काय करू नये हे सांगितल्यावाचून मला मोबदल्याच्या हिशेबापर्यंत पोहोचताच येणार नाही.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट आहे. माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ सोपवले होते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांना बोलता येत नव्हते. होकार आणि नकार ते डोळ्यांनी देत. तेलखडू बोटांच्या चिमटीत धरणे त्यांना शक्य नसल्यामुळे आम्ही खडूभोवती फोमची नळी बसवून तो मुठीत मावेल इतका जाड करून देत असू. कागदाच्या डाव्या कडेशी खडू टेकवून ते रेघ ओढू लागत, आणि ती रेघ थरथरत, मध्येच थांबत, पुन्हा जोर धरत उजवीकडे जाई. एका रेघेला पंधरा-वीस मिनिटे सहज लागत. खडूचा दाब सर्वत्र सारखा नसे. हात आखडे तेथे मेणाचा जाड थर साचे आणि हात सैल पडे तेथे रेघ जेमतेम दिसे. रेघ उजव्या कडेला पोहोचली की थांबत नसे. ती कागद ओलांडून टेबलाच्या लाकडावर जाऊ लागे, आणि नेमक्या त्या क्षणी मी कागद अलगद पुढे सरकवत असे. रेघ कागदावरच राहावी, चित्र वाया जाऊ नये, एवढाच माझा हेतू होता, आणि त्यांच्या हाताला धक्का न लावता हे साधते याचा मला अभिमानही वाटत होता.

चौथ्या दिवशी काकांनी खडू सोडून दिला, कागदावर पंजा पालथा ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ साहाय्यक बाईंनी मला बाजूला बोलावून विचारले, "तुझे हात काय करत होते?" मी म्हणाले, "कागद वाचवत होते." त्या म्हणाल्या, "वाचवायला तुला कोणी सांगितले होते का?"

हे ऐकून मी जो उपाय केला तो पहिल्या चुकीपेक्षाही वाईट होता, आणि आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. मी अख्खे टेबल झाकेल एवढा मोठा कागद अंथरला. मला वाटले, त्यांना जागा कमी पडत असावी. काकांनी कागदाकडे पाहिले, खडू घेतला, आणि सकाळभर कष्ट करून रेघ थेट टेबलाच्या काठापर्यंत नेऊन लाकडाच्या उभ्या कडेवर उतरवली. तेव्हा कुठे मला उमगले की प्रश्न जागेचा नव्हता. त्यांना कड ओलांडायची होती. त्याच्या पुढच्या दिवशी मी नेहमीच्या आकाराचा कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून पक्का बसवला आणि माझे हात मांडीवर ठेवले. रेघ कागदावरून लाकडावर गेली. काकांनी माझ्याकडे पाहिले. मी हललेही नाही. त्या दिवशी कलाशाळा बंद व्हायची वेळ झाली तरी त्यांना उठायचे नव्हते.

हा प्रसंग मी एवढ्या तपशिलाने सांगते आहे, कारण साहाय्य आणि ढवळाढवळ यांच्यातली सीमा पुस्तकी व्याख्येत सापडत नाही; ती अशी वीतभर सरकलेल्या कागदात असते. खडू जाड करून देणे हे साहाय्य होते, कारण त्यामुळे काकांना हवी असलेली रेघ काकांना काढता आली. कागद सरकवणे ही ढवळाढवळ होती, कारण त्यामुळे मला हवी असलेली रेघ उमटत होती.

या क्षेत्रात ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्या ज्युडिथ स्कॉट यांची हकिकत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. 1943 साली अमेरिकेत जन्मलेल्या ज्युडिथ यांना डाउन सिंड्रोम होता आणि त्यांना ऐकूही येत नव्हते; पण त्यांचे बहिरेपण फार काळ कोणाच्या लक्षातच आले नाही. बोलून घेतलेल्या चाचण्यांना उत्तर मिळेना, म्हणून त्या शिकण्यास अपात्र ठरल्या, आणि वयाच्या 7व्या वर्षापासून पुढची सुमारे 35 वर्षे त्यांनी संस्थांच्या बंद दाराआड काढली. 1980च्या दशकाच्या मध्यात त्यांची जुळी बहीण जॉइस हिने त्यांचे पालकत्व घेऊन त्यांना कॅलिफोर्नियात आणले, आणि 1987 साली ओकलंड येथील 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या कलाकेंद्रात त्या जाऊ लागल्या. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि मानसशास्त्रज्ञ इलायस कॅट्झ या दांपत्याने 1974 साली आपल्या घराच्या गॅरेजमध्ये सुरू केलेले हे केंद्र आजही चालू आहे.

ज्युडिथ पुढे प्रसिद्ध झाल्या त्यापेक्षा मला त्याआधीची दोन वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. त्या दोन वर्षांत त्यांनी चित्रकलेत फारसा रस दाखवला नाही. कागदावर थोडेफार गिरवायचे, एवढेच. जेथे दर तिमाहीला प्रगतीचा तक्ता भरावा लागतो अशा कोणत्याही संस्थेने त्यांच्या नावापुढे 'प्रगती नाही' असे लिहून ती जागा दुसऱ्याला दिली असती. केंद्राने त्यांची जागा राखून ठेवली. मग तंतुकलेच्या एका कार्यशाळेत त्यांच्या हाताला काड्या, सुतळी आणि लोकर लागली, आणि 2005 साली मृत्यू येईपर्यंत त्या वस्तूंभोवती धागे गुंडाळत, विणत, गाठी मारत राहिल्या. एकेका शिल्पाला आठवडे, कधी महिने लागत. आत काय दडवले आहे हे बाहेरून कळत नाही. केंद्रातल्या कुणाची वस्तू दिसेनाशी झाली तर ती शिल्पाच्या पोटात गेलेली असण्याचा संभव असे. त्यांचे एक शिल्प हात पुसण्याच्या कागदांना गाठी मारून केलेले आहे. त्या गाठी जवळून पाहिल्या की हातांचा जोर दिसतो: कागद पिळून सुतासारखा केलेला, गाठ ओढून बसवलेली, आणि तरीही फाटलेला कोठेही नाही. काम पुरे झाले की ज्युडिथ ते स्वतः बाजूला सारत. पुरे कधी झाले हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

असा अमर्याद वेळ देणे परवडते का, असे मला नेहमी विचारतात. उत्तरादाखल आणखी एकच उदाहरण देते. ब्रिटनमधील नेना कालू या स्वमग्न आणि शिकण्याची अक्षमता असलेल्या कलाकार 1999 पासून लंडनच्या 'ॲक्शनस्पेस' या संस्थेच्या स्टुडिओत काम करत आहेत. कापड, चिकटपट्टी, जुन्या व्हिडिओ कॅसेटची फीत असे काहीबाही गुंडाळून त्या मोठमोठी लोंबती शिल्पे घडवतात, आणि भोवऱ्यासारखी गोल गोल फिरणारी त्यांची रेखाटने दोन-दोन, तीन-तीनच्या संचात असतात. 2025 साली त्यांना टर्नर पारितोषिक हे ब्रिटनमधील मानाचे कलापारितोषिक मिळाले. त्यामागे एका टेबलावरची पाव शतकाची नेमाची हजेरी आहे.

आता माझी जुनी तक्रार. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे अत्यंत सद्भावनेने दोन वाक्ये बोलतात. पहिले, "यांचा वेळ किती छान जात असेल!" आणि दुसरे, माझ्याकडे वळून, "तुम्ही त्यांच्याकडून किती सुंदर करून घेतलेत!" पहिल्या वाक्याने कामाचा विरंगुळा होतो आणि दुसऱ्याने कलाकार माझा विद्यार्थी होतो. एका प्रदर्शनात मी काकांच्या कामाखालची पट्टी पाहिली, तर तिच्यावर त्यांच्या निदानाचे नाव ठळक अक्षरांत होते, त्यांचे स्वतःचे नाव त्याखाली बारीक टाइपात आणि माध्यमाचा उल्लेखच नव्हता. मी आयोजकांना विचारले, इतर चित्रकारांच्या पट्टीवर तुम्ही मधुमेह किंवा रक्तदाब लिहिता का? पट्टी त्याच संध्याकाळी बदलली, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

राहिला हातांचा प्रश्न. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांच्यावर 1941 साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरची वर्षे त्यांची अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेली. त्यांच्या उत्तरायुष्यातील विख्यात कातरकामासाठी कागद रंगवत त्या त्यांच्या मदतनीस. मातिस कात्रीने आकार कापत, आणि मदतनीस ते आकार त्यांच्या सांगण्यावरून भिंतीवर टाचत, काढत, पुन्हा दुसरीकडे टाचत. ते चित्र मातिसचे की मदतनिसांचे, असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मग आमच्या टेबलाशी येऊन तो इतक्या सहज का विचारला जातो? निर्णय ज्याचा, त्याचे चित्र. निर्णय शब्दांत सांगता येत नसेल तर तो डोळ्यांनी, पंजाने, खडू टाकून देण्याने सांगितला जातो, आणि तो ओळखणे हेच आमच्या कामाचे मुख्य कौशल्य आहे.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा मुख्य विषय थोडक्यात मांडते.

पहिला मुद्दा मालकीचा. निर्णय कलाकाराचा असेल तर कृती त्याची आणि तिच्या प्रती छापण्याचा हक्कही त्याचाच. कलाशाळेने कागद, रंग आणि छप्पर पुरवले म्हणून तिला हा हक्क आपोआप मिळत नाही. दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रांवर अशी चित्रे सर्रास छापली जातात. प्रत्येक वेळी स्वतंत्र परवानगी हवी, आणि ती कलाकाराला समजेल अशा रीतीने, छापील नमुना प्रत्यक्ष हातात देऊन घेतलेली हवी. पालकाची सही आवश्यक असेल तेथे ती घ्यावी. पण ती कलाकाराच्या होकारानंतर यावी, त्याऐवजी नव्हे.

दुसरा मुद्दा पैशाचा. विक्रीतील निम्मी रक्कम कलाकाराला देण्याची पद्धत 'क्रिएटिव्ह ग्रोथ'सारख्या केंद्रांनी रुळवली आहे, आणि कलाकाराचा वाटा त्याहून कमी असू नये असे माझे मत आहे. मात्र पैसे दिले म्हणजे ते त्याला ठेवता येतात असे नाही. अमेरिकेत अपंगत्वामुळे मिळणाऱ्या एका सरकारी साहाय्यासाठी एकट्या व्यक्तीजवळची मोजली जाणारी मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत असावी लागते, आणि ही मर्यादा 1989 पासून तेवढीच आहे. म्हणजे एखादे चित्र चांगल्या किमतीला विकले गेले तर महिन्याचा आधारच धोक्यात येतो. यासाठी तेथे 2014 च्या कायद्याने विशेष बचत खात्यांची सोय झाली. जेथे जेथे साहाय्य उत्पन्नाशी किंवा मालमत्तेशी जोडलेले असेल, तेथे कलाशाळेने पहिले चित्र विकण्यापूर्वीच जाणकाराचा सल्ला घ्यायला हवा. विक्रीनंतर घेतलेला सल्ला उशिराचा असतो.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम 30 म्हणते की, आपली सर्जनशील, कलात्मक आणि बौद्धिक क्षमता विकसित करण्याची आणि वापरण्याची संधी अपंग व्यक्तींना मिळावी, ती केवळ त्यांच्या हितासाठी नव्हे तर समाजाच्या समृद्धीसाठीही. मला यातील 'वापरण्याची' हा शब्द मोलाचा वाटतो. विकसित करण्यावर अनेकजण थांबतात; वापर म्हणजे प्रदर्शन, विक्री, समीक्षा आणि संग्रहालयातील जागा. यावर खरे तर तासभर बोलायचे होते.

काकांचे काय झाले, हे विचारणारा हात मागच्या रांगेत मघापासून वर आहे, म्हणून एवढे सांगून थांबते. त्यांचे ते चित्र एका संग्राहकाला हवे होते. तो कागद घेऊन जायला तयार होता. पण रेघ अर्धी कागदावर आणि अर्धी टेबलावर होती. आम्ही काकांना दोन पर्याय दाखवले: चिकटपट्टी काढून नुसता कागद उचलून दाखवला आणि मग तो पुन्हा होता तेथे ठेवून टेबलावर थाप मारून दाखवली. काकांनी दुसऱ्या वेळी डोळे मिटून होकार दिला. सुताराने टेबलाचा वरचा तक्ता स्क्रू काढून सुटा केला. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी माध्यमाच्या रकान्यात 'कागद, लाकडी तक्ता, तेलखडू' आणि कलाकाराच्या रकान्यात फक्त त्यांचे नाव लिहिले, आणि त्यांना दुसरे टेबल दिले.